इको नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका!

"डॉक्टर, तीन आठवडे ताप येतोय, पण इको नॉर्मल आहे. म्हणजे हृदयाला काही नाही ना?" फाइल उघडावी तर तीन वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या, झडप खराब असल्याची जुनी नोंद, आणि ब्लड कल्चर एकदाही नाही! ही पद्धत चुकीची आहे, आणि आम्हा डॉक्टरांचीही यात चूक आहे.

हृदयाच्या झडपेवर जंतू बसले की तिथे जंतू आणि रक्ताची गुठळी मिळून लहानसा गोळा तयार होतो. छातीवरून केलेल्या साध्या इकोत मूळच्या झडपेवरचा हा गोळा 10 पैकी साधारण 7 रुग्णांतच सापडतो. कृत्रिम झडपेत तर जेमतेम निम्म्यांत. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते, म्हणून तिच्यात नळी घालून केलेला इको (टीईई) 10 पैकी 9 रुग्णांत आजार दाखवतो. तोही नॉर्मल आला आणि संशय कायम असेल, तर 5 ते 7 दिवसांनी पुन्हा करावा लागतो.

"आमच्या गावात टीईई कुठे होतो?" हे मान्य. पण रक्त तर कुठेही घेता येते! अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी, वेगवेगळ्या शिरांतून तीन वेळा रक्त घेऊन कल्चरला पाठवायचे. रुग्ण अत्यवस्थ असला तरी यात काही मिनिटेच जातात. आधी गोळ्या दिल्या तर ताप चार दिवस दबतो, कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत आणि झडप मात्र आतून कुरतडली जाते. गोळ्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा होतो. जंतू ओळखता आला तर नेमके अँटिबायोटिक शिरेतून देता येते, बहुधा 4 ते 6 आठवडे.

प्रत्येक तापाला इको करा, असे मी म्हणत नाही. पण तुमची झडप खराब असेल, कृत्रिम झडप किंवा पेसमेकर बसवला असेल, जन्मजात हृदयदोष असेल, किंवा हा आजार पूर्वी झाला असेल, तर ताप आल्यावर मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नका. डॉक्टरांना झडपेबद्दल आधी सांगा आणि विचारा, "अँटिबायोटिकआधी ब्लड कल्चर करायचे का?"

या प्रश्नाचा राग येण्याचे डॉक्टरांना काहीच कारण नाही.