एआय चिप भाड्याने घेऊनही प्रोग्राम संथ का चालतो?

पनवेलमधलं योट्टा कंपनीचं 'एनएम१' डेटा सेंटर २०२० मध्ये सुरू झालं. २०२४ मध्ये तिथे एनव्हिडियाच्या एच१०० या एआय चिप दाखल झाल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्राने सुमारे १० हजार ३७२ कोटींच्या 'इंडिया एआय मिशन'ला मंजुरी दिली. महागड्या चिप विकत न घेता स्टार्टअप आणि संशोधकांना त्या वापरता याव्यात, हा त्यामागचा एक हेतू.

अशा चिपचं भाडं साधारणपणे तासावर असतं. चिप रिकामी बसली, तरी मीटर सुरूच राहतो. आणि प्रोग्राम ती वापरू शकेल की नाही, हे तो तयार होतानाच ठरलेलं असू शकतं.

ते कसं?

सी++ मधला कोड कंपायलर संगणकाच्या भाषेत बदलतो. त्याआधी प्रीप्रोसेसर तो चाळतो. 'कुडा वापरा' अशी खूण, म्हणजे डेफिनिशन, दिलेली असेल तर एनव्हिडियाच्या चिपसाठीचा भाग राहतो, नाहीतर गाळला जातो. एआय मॉडेल चालवणाऱ्या 'लामा डॉट सीपीपी'चंच बघा. तयार करताना कुडाचा पर्याय सुरू केला नाही, तर तो साध्या प्रोसेसरवर चालतो. काम थांबत नाही, उत्तरंही येतात, पण सावकाश.

ही खूण द्यायची कुठे?

अनेक मोठे सी++ प्रकल्प 'सीमेक' वापरतात. त्यात पूर्वी खुणा अख्ख्या फोल्डरला सरसकट दिल्या जात. २०१३ मध्ये 'टार्गेट_कंपाइल_डेफिनिशन्स' ही आज्ञा आली. टार्गेट म्हणजे तयार होणारा एक प्रोग्राम किंवा लायब्ररी. आता खूण नेमकी त्यालाच देता येते.

- प्रायव्हेट: खूण फक्त त्या टार्गेटपुरती
- इंटरफेस: फक्त ते टार्गेट वापरणाऱ्यांसाठी
- पब्लिक: दोघांसाठीही

निवड चुकली तर?

खुणेमुळे डेटाची रचना बदलत असेल आणि ती चुकून 'प्रायव्हेट' राहिली, तर लायब्ररी एका मापाने लिहिते आणि प्रोग्राम दुसऱ्या मापाने वाचतो. परिणामी चुकीची उत्तरं येतात किंवा प्रोग्राम कोसळतो.

मग काय करायचं?

काम सुरू होताच 'एनव्हिडिया-एसएमआय' ही आज्ञा चालवून चिपचा वापर बघावा. तो सतत शून्य दिसत असेल, तर आणखी महागडी चिप घेऊन उपयोग नाही. योग्य खूण देऊन प्रोग्राम पुन्हा तयार करावा लागू शकतो.