एकच पट्टी, दोन मापे

वार्षिक परीक्षा संपल्या, की मध्यमवर्गीय घरांत एक प्रश्न दरवर्षी न चुकता उपस्थित होतो : मुलांना कोठे न्यायचे? गावाकडचे घर पूर्वीसारखे राहिलेले नाही, मामाचा गाव शहरातल्या दोन खोल्यांत येऊन राहिला आहे, आणि शेजारच्या मुलाचे रोलर कोस्टरवरचे छायाचित्र आपल्या चार वर्षांच्या कन्येने पाहिलेले असते. मग पगाराच्या आकड्यावर एक नजर टाकून करमणूक-उद्यानाची सहल ठरते. प्रस्तुत लेखकाने गेल्या सुटीत बाहेरगावी अशी एक सहल केली. त्या उद्यानाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे जे पाहिले ते थोड्याफार फरकाने अन्यत्रही पाहावयास मिळते.

प्रवेशद्वाराशी भिंतीवर एक रंगीत पट्टी आखलेली होती. मुलाच्या तिकिटाचा दर आपल्याकडील अनेक उद्यानांत वयावर नव्हे, तर उंचीवर ठरतो. अमुक उंचीच्या आत मोफत, त्यापुढे मुलाचे तिकीट, त्याहून उंच असेल तर पूर्ण तिकीट. आमच्या पुढे एक कुटुंब उभे होते. वडिलांनी मुलाच्या कानात हळूच सांगितले, "गुडघे जरा वाकव." मुलाने वाकवले आणि तिकीट वाचले. तासाभराने तेच कुटुंब एका राइडच्या रांगेत भेटले. तेथेही तशीच पट्टी. या वेळी वडील म्हणत होते, "ताठ उभा राहा, टाचा उचल." मुलाने टाचा उचलल्या, तरी चार बोटे कमी पडलीच. परत फिरताना त्याने विचारले, "बाबा, मी मोठा आहे की लहान?" वडिलांनी उत्तर दिले नाही.

त्या गृहस्थांना दोष द्यावा, असे मला वाटले नाही. (शाळेत मुलांना खरे बोलावे म्हणून शिकविणाऱ्या माझ्यासारख्याने हे लिहावे, याचा थोडा संकोच वाटतो.) त्यांनी केले ते योग्य नव्हे, पण त्यांना तसे करावयास लावणारा व्यवहार तरी कोठे सरळ आहे? दारात एकदाच भरभक्कम रक्कम घ्यायची आणि आत सर्व काही खुले, अशी ही पद्धत. तरुणांच्या टोळक्याला ती परवडते. सकाळपासून सायंकाळपर्यंत ते पैसे वसूल करून घेतात. लहान मूल बरोबर असलेल्या आईबापांचे तसे नसते. मोठ्या राइडवर मुलाला प्रवेश नाही. ते सुरक्षिततेसाठीच आहे, त्याविषयी तक्रार नाही. पण मुलाजवळ एकाने थांबलेच पाहिजे. म्हणजे आई वर गेली तर बाप बाकावर, आणि बाप वर गेला तर आई. मुलाला दुपारी झोप आली, की दोघेही बाकावर. दोन पूर्ण तिकिटे काढून हे जोडपे प्रामुख्याने विकत घेते ते बाकावर बसण्याचा हक्क!

या बाकाला एक इतिहास आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये आपल्या मुली घोड्यांच्या चक्रावर बसलेल्या असताना वॉल्ट डिस्ने बाकावर शेंगदाणे खात बसत, आणि आईबाप व मुले यांना एकत्र रमता येईल अशी जागा असावी हा विचार तेथे सुचला, असे ते स्वतः सांगत. १९५५ च्या जुलैत डिस्नेलँड उघडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून तेथे तिकिटांची पुस्तिका मिळू लागली. घोड्यांचे चक्र 'ए' या सर्वांत स्वस्त वर्गात, आणि १९५९ पासून सर्वांत थरारक राइड 'ई' या सर्वांत महाग वर्गात. ज्याला जे झेपेल त्याने त्याचे पैसे द्यावेत. ही पद्धत १९८२ पर्यंत चालली. मग दारातच सर्व पैसे घेणारे एकच तिकीट आले आणि पुस्तिका गेल्या.

आपल्या जत्रांना हे तत्त्व परदेशातून शिकावे लागले नव्हते. माहीमची जत्रा असो की गावच्या देवाची, रहाटपाळण्याचे पैसे पाळण्यात बसणाऱ्याने द्यायचे. खाली उभे राहून हात हलविणाऱ्या आजीकडून कोणी काही मागत नसे. उद्यानांनी निदान पाच-सहा वर्षांखालील मुलांच्या कुटुंबांसाठी तरी अल्प प्रवेशमूल्य आणि राइडगणिक कुपन अशी सोय ठेवावयास काय हरकत आहे?

यात सरकारचाही वाटा आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा अशा उद्यानांच्या प्रवेशावर २८ टक्के आकारणी होती. जानेवारी २०१८ मध्ये ती १८ टक्क्यांवर आली. प्राणिसंग्रहालय व वस्तुसंग्रहालय यांच्या प्रवेशाला मात्र हा कर नाही. चार वर्षांच्या मुलीला या भेदाचे कौतुक नसते, पण तिच्या वडिलांनी तो ध्यानात ठेवावा. भायखळ्याच्या राणीबागेचे दर २०१७ साली वाढले तेव्हा केवढा गदारोळ झाला. तरी आईवडील व दोन मुले यांना मिळून शंभर रुपये ठरले होते. पुण्याच्या पेशवे पार्कातील 'फुलराणी' १९५६ पासूनची. आज पन्नाशी-साठीत असलेली कितीतरी माणसे तिच्या शिट्टीचे नाव काढताच लहान होतात.

मोठ्या उद्यानात जायचेच असेल, तर हिशेब घरूनच करून निघावे. प्रवास त्या मानाने स्वस्त पडतो. पाच वर्षांखालील मुलाला रेल्वेत व एसटीत तिकीट नाही. महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे. खोपोलीजवळच्या, २०१३ साली सुरू झालेल्या उद्यानाला जाणाऱ्यांना खोपोलीपर्यंत लोकल नेते. पुढचे काही किलोमीटर रिक्षाचे. सुटीचा वार टाळावा. जेवणाचा प्रश्न अधिक बिकट. बाहेरचे पदार्थ आत नेऊ नयेत, असा अनेक ठिकाणी नियम असतो. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांचा असा अधिकार मान्य केला, पण पिण्याचे पाणी विनामूल्य मिळावे आणि तान्ह्या मुलांसाठी आईबापांना बेताचे अन्न नेता यावे, हेही नमूद केले. तो निर्णय चित्रपटगृहांपुरता असला, तरी मऊ भाताचा डबा दारात अडविणाऱ्या उद्यानांनी तो एकदा वाचावा.

आमच्या कन्येने त्या दिवशी घोड्यांच्या चक्रावर सात फेऱ्या मारल्या. बाकीच्या उद्यानाकडे तिने पाहिलेही नाही. जुन्या पुस्तिकेच्या हिशेबाने ती सात 'ए' तिकिटे झाली असती.

तूर्त एवढे तरी व्हावे. कोणत्या राइडला किती उंची लागते, याचा तक्ता प्रत्येक राइडच्या रांगेच्या शेवटी नव्हे, तर तिकीट-खिडकीच्या अलीकडे, ठळक मराठी अक्षरांत लावावा. घरच्या दाराच्या चौकटीवर मुलाची उंची पेन्सिलीने आखलेली असतेच. ती पाहून आईबाप तेथेच ठरवू शकतील, की यंदा जायचे की आणखी दोन वर्षे थांबायचे.