पंचविसांची उतरंड

जेम्स बाँडचे दोन चाहते एकत्र आले, की चहा येण्याआधी यादी येते. ‘गोल्डफिंगर’ पहिला, ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ दुसरा; छे, ‘कसिनो रोयाल’ पहिला; आणि ‘डाय अनदर डे’ शेवटून पहिला, त्याबद्दल मात्र वाद नको! १९६२ च्या ‘डॉ. नो’पासून २०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’पर्यंत इऑन या निर्मितिसंस्थेने काढलेले पंचवीस चित्रपट अशा रीतीने एकावर एक रचले जातात आणि त्यांची उतरंड तयार होते. उतरंडीचा गुण असा, की तळाच्या मडक्यात काय आहे हे पाहायचे तर वरची सगळी खाली उतरवावी लागतात. ते कष्ट सहसा कोणी घेत नाही. प्रस्तुत लेख या उतरंडीविरुद्ध आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मारधाडीच्या चित्रपटांवर वाद घालणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे मानणाऱ्या विद्वज्जनांच्या पंगतीला आम्ही बसलेलो नाही. उंबेर्तो एको यांनी फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांच्या कथनरचनेवर निबंध लिहिला तो १९६५ साली. त्याच वर्षी किंग्जली एमिस या कादंबरीकाराने बाँडवर अख्खे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या दोघांना ज्याची लाज वाटली नाही त्याची आम्हांस वाटण्याचे कारण नाही. बाबूराव अर्नाळकरांना दीर्घकाळ अभ्यासक्रमाच्या दाराबाहेर तिष्ठत ठेवणाऱ्या आमच्या व्यवसायाने तर याबाबतीत मौनच पाळावे. चाहत्यांचा वाद आम्हांला हवाच आहे. आमची तक्रार एवढीच, की क्रमवारी हा वाद सुरू होण्याआधीच संपवून टाकते.

ती कशी, ते पाहू. क्रमांक देण्यासाठी पंचवीस वस्तू एकाच तराजूत घालाव्या लागतात. म्हणजेच प्रत्येक वस्तू इतरांपासून तोडून स्वतंत्र करावी लागते. परंतु मालिकेतील चित्रपट हे सुटे नग नसतात. ते एकमेकांना दिलेली उत्तरे असतात. ‘द स्पाय हू लव्हड मी’च्या (१९७७) अखेरीस पुढील चित्रपट म्हणून ‘फॉर युवर आइज ओन्ली’ची घोषणा झाली होती. त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’ने जग जिंकले आणि निर्मात्यांनी बेत बदलून १९७९ साली ‘मूनरेकर’मधून बाँडला अंतराळात धाडले. गल्ला भरघोस झाला. पण यापुढे जायचे तरी कोठे, हा प्रश्न उरला. १९८१ च्या ‘फॉर युवर आइज ओन्ली’ची सुरुवात कबरस्तानात होते, बाँड आपल्या मृत पत्नीच्या थडग्याशी उभा असतो. अंतराळातून थेट थडग्यापाशी! हे एका चित्रपटाने दुसऱ्याला दिलेले उत्तर आहे. क्रमवारीत यातला एक अकरावा आणि दुसरा एकविसावा ठरला, की मधले उत्तर ऐकूच येत नाही. ‘डाय अनदर डे’मधील (२००२) अदृश्य होणारी मोटार पाहिल्याशिवाय ‘कसिनो रोयाल’मधील (२००६) धापा टाकणारा, रक्तबंबाळ होणारा, चुकणारा बाँड का आला, हे कळत नाही. शेवटून पहिला नसता, तर पहिला झालाच नसता.

‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’चे (१९६९) उदाहरण याहून बोलके आहे. शॉन कॉनरीच्या जागी जॉर्ज लेझनबी हा नवखा नट, दिग्दर्शक म्हणून तोवर या मालिकेचे संकलन करणारे पीटर हंट आणि शेवट असा, की विवाहानंतर काही क्षणांतच वधूची हत्या होते. हा बाँड म्हणजे कॉनरी नव्हे, या एका कारणासाठी हा चित्रपट दीर्घकाळ अडगळीत पडला. पुढे तोच अनेकांच्या यादीत वर चढत गेला. ख्रिस्तोफर नोलनसारख्या दिग्दर्शकाने तो आपला आवडता बाँडपट असल्याचे सांगितले. टिमथी डाल्टनचेही तसेच. ‘लायसन्स टू किल’मधील (१९८९) त्याचा कडवट, सुडाने पेटलेला बाँड पुष्कळांना रुचला नव्हता, डॅनियल क्रेग आल्यावर डाल्टन काळाच्या पुढे होता असे सर्रास म्हटले जाऊ लागले. चित्रपटांची एकही चौकट बदलली नव्हती. बदलला होता तो पाहणारा. असे असता क्रमवारी लावणारा मात्र चित्रपटाचे मोजमाप केल्याच्या थाटात बोलतो. आपण आपल्या काळाचे मोजमाप देत आहोत, हे त्याच्या गावीही नसते.

यावर कोणी म्हणेल, की चाहते दोषही दाखवतातच. दाखवतात, पण कसे? गुण वजा करून. ‘गोल्डफिंगर’मधील (१९६४) तबेल्याचा प्रसंग घ्या. पुसी गॅलोर ही वैमानिक स्त्री बाँडला नकार देते, झटापट करते, तो तिच्यावर बळजबरी करतो आणि त्यानंतर ती त्याची होते. आजचा चाहता या प्रसंगाला नापसंती दर्शवतो, एक गुण कापतो आणि चित्रपटाला पुन्हा पहिल्या तिघांत बसवतो. पण तो प्रसंग म्हणजे कापडावरचा डाग नव्हे, की तेवढा धुतला म्हणजे झाले. ती स्त्री पक्ष बदलते, विषारी वायूची टाकी बदलते, अमेरिकन सरकारला आधीच कळवते, म्हणून फोर्ट नॉक्स वाचते. संपूर्ण कथानकाची कळ त्या तबेल्यात आहे. नकाराचा होकार करणे हीच येथे जग वाचवण्याची युक्ती आहे. हे मांडायला एक परिच्छेद लागतो. वजाबाकीत ते मावत नाही.

‘डॉ. नो’ जमैकात चित्रित झाला तेव्हा ते बेट ब्रिटिशांच्या ताब्यात होते. ६ ऑगस्ट १९६२ रोजी ते स्वतंत्र झाले आणि ५ ऑक्टोबरला चित्रपट लंडनमध्ये झळकला. त्यात बाँड क्वारेल या कृष्णवर्णीय सहकाऱ्याला आपले बूट आणायला सांगतो. साम्राज्य मावळत असता त्याच्या नायकाने पडद्यावर मालकी चालू ठेवावी, ही या मालिकेची मूळ प्रेरणा त्या एका आज्ञेत दिसते. तेहेतीस वर्षांनी ‘गोल्डनआय’मध्ये (१९९५) ज्यूडी डेंचची एम बाँडला त्याच्या तोंडावर स्त्रीद्वेष्टा आणि शीतयुद्धाचा अवशेष ठरवते, तेव्हा मालिका स्वतःच स्वतःची समीक्षा करू लागलेली असते. यांतील कोणता वरचा आणि कोणता खालचा, असे विचारणे म्हणजे प्रश्न मोठा की उत्तर मोठे, असे विचारणे होय.

आणि ‘ऑक्टोपसी’ (१९८३)? उदयपूरच्या सरोवरातील तो महाल, कबीर बेदी, रॅकेटने शत्रूंना बडवणारे विजय अमृतराज. आपणा भारतीयांना त्याचे अप्रूप वाटले, हे खरेच. याच चित्रपटात बाँड जुगारात जिंकलेल्या नोटा भारतीय सहकाऱ्याच्या हाती देताना, आता काही आठवडे कालवणाची सोय झाली, असा विनोद करतो; आणि बाजारातील पाठलागात निखाऱ्यांवरून चालणारे, खिळ्यांच्या शय्येवर पहुडणारे, तलवार गिळणारे झाडून सगळे हजेरी लावतात. चाहत्यांच्या यादीत हा चित्रपट खाली जातो तो बहुधा यासाठी नव्हे. बाँडने टारझनसारखी आरोळी ठोकली आणि विदूषकाचे सोंग घेतले, यासाठी! त्या सोंगावरून आम्हां दोघांतही मतभेद आहे. एकाला तो पोरकटपणा वाटतो. दुसऱ्याचे म्हणणे असे, की सर्कशीत अणुबाँब फुटणार आहे हे ओरडून सांगणाऱ्या माणसावर केवळ रंगवलेल्या चेहऱ्यामुळे कोणी विश्वास ठेवत नाही, हा रॉजर मूरच्या कारकिर्दीतला सर्वांत अस्वस्थ करणारा क्षण आहे. या वादात आमची एक सबंध संध्याकाळ गेली. तीत एकदाही क्रमांक निघाला नाही आणि कोणाला त्याची उणीवही भासली नाही.

क्रमवारी हा निव्वळ खेळ आहे, तो एवढा मनावर का घ्यावा, असा आक्षेप येईल. खेळाला आमचा विरोध नाही. परंतु खेळाची सवय विचाराची सवय होते, हे आम्ही वर्गात रोज पाहतो. तुकाराम श्रेष्ठ की ज्ञानेश्वर, असे विचारणारा विद्यार्थी दोघांपैकी एकालाही वाचण्याआधी निकाल मागत असतो. अशाच एका विद्यार्थ्याने ‘स्कायफॉल’ (२०१२) सर्वश्रेष्ठ का, यावर निबंध लिहून आणला होता. ‘श्रेष्ठ ठरवू नकोस, तो काय करतो ते सांग,’ असे आमच्यापैकी एकाने त्याला बजावले. तो शांतपणे म्हणाला, ‘मग सर, तुम्ही माझ्या निबंधाला वीसपैकी अकरा दिलेत, ते काय होतं?’

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते; आजही पुरते नाही. उतरंड रचण्याची विद्या चाहत्यांनी कोठून उचलली, हे मात्र त्या दिवशी कळले. आम्हीच वर्षानुवर्षे उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ती गिरवत आलो आहोत. तेव्हा हा लेख चाहत्यांविरुद्ध जितका आहे तितकाच आमच्याविरुद्धही आहे. त्या निबंधाच्या अकरा गुणांखाली आम्ही नंतर पानभर मजकूर लिहिला. गुण तेवढेच राहिले. विद्यार्थी मात्र त्या मजकुरावर भांडायला दोनदा आला. अकरावर भांडायला एकदाही आला नाही.

‘नो टाइम टू डाय’मध्ये बाँड मरतो. तेथे १९६९ च्या चित्रपटातील, लुई आर्मस्ट्राँगने गायिलेल्या गीताची धून परत येते. लेझनबीचा तो चित्रपट ज्याने पाहिलेला नाही, त्याला तेथे केवळ एक गोड चाल ऐकू येते. ज्याने पाहिला आहे त्याला बावन्न वर्षांपूर्वीची मृत वधू आठवते. एका काळी तळाशी पडलेले मडके नसते, तर अखेरच्या चित्रपटाचा शेवट रिता राहिला असता.

२०२५ साली मालिकेची सर्जनसूत्रे ब्रॉकली कुटुंबाकडून अ‍ॅमेझॉन एमजीएमकडे गेली. सव्विसावा चित्रपट येईल, त्या रात्रीच त्याचा क्रमांक ठरेल. तो कोणाला उत्तर देतो आहे, हे ठरवायचे तर आधीचे पंचवीसही खाली उतरवून पुन्हा पाहावे लागतील. ज्यांना आमचे म्हणणे अमान्य असेल त्यांनी अवश्य भांडावे. फक्त भांडताना यादी घरी ठेवून यावे.