माइक लावायला मुलगी हवी!

सिनेमाच्या आणि मालिकांच्या सेटवर जवळपास प्रत्येक खात्याला एक 'दादा' असतो. स्पॉटदादा, लाइटदादा, मेकअपदादा, ड्रेसदादा, साउंडदादा. अंबाडे घालायला आणि गजरे माळायला मात्र 'हेअरदीदी'. ही नुसती हाक मारायची रीत नाही, कामाची वाटणीच तिच्यात सांगून टाकलेली आहे. साउंड खात्यात बाई आली की तिला काय म्हणायचं हे सेटवर पटकन कुणाला सुचत नाही. मग ती 'साउंडवाली मॅडम' होते. अलीकडे आणखी एक नाव कानावर पडतं, 'माइक लावणारी मुलगी'. या नावाबद्दल मला लिहायचं आहे. ते आपल्याच चांगल्या हेतूतून जन्माला आलं आहे आणि आता आपल्याच बायकांची वाट अडवू लागलं आहे.

आधी काम काय असतं ते सांगते. सेटवर कॅमेरा जसं दृश्य टिपतो तसा आमचा चमू आवाज टिपतो. मुख्य ध्वनिमुद्रक मिक्सर सांभाळतो. सगळ्या माइकचे आवाज त्याच्या कानावरच्या हेडफोनमध्ये येतात. दुसरा माणूस लांब दांडीला लावलेला माइक, म्हणजे बूम, नटनट्यांच्या डोक्यावर पण कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर धरून उभा असतो. तिसरा कपड्यांच्या आत छोटे माइक बसवतो, वायरी आणि बॅटऱ्या बघतो. १९३१ साली 'आलम आरा' हा पहिला बोलपट झाला तेव्हा स्टुडिओशेजारून जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजामुळे रात्री चित्रीकरण करावं लागे आणि माइक नटांच्या आसपास कुठं तरी दडवून ठेवत. पुढं कित्येक दशकं हिंदी सिनेमात संवाद नंतर स्टुडिओत भरायची पद्धत रूढ झाली. २००१ च्या 'लगान'चा आवाज सेटवरच मुद्रित झाला होता, आणि त्यानंतर ही पद्धत वाढत गेली. रोजच्या मालिकांना तर डबिंगला वेळच नसतो. त्यामुळे आज जवळजवळ प्रत्येक पात्राच्या अंगावर एक माइक असतो.

हा लेपल माइक तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. त्याची वायर कपड्यांच्या आतून कमरेला, पाठीला नाहीतर मांडीला पट्ट्यानं बांधलेल्या ट्रान्समीटरपर्यंत जाते. साडी नेसलेल्या बाईला तो बहुधा ब्लाऊजच्या पुढच्या बाजूला, आतून लावावा लागतो. मंगळसूत्राचे मणी त्यावर आपटतात, रेशमी पदर त्यावर घासतो, म्हणून तो काढून पुन्हा लावायचा. म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा कुणी तरी त्या बाईच्या छातीपाशी हात नेणार. वर्षानुवर्षं हे काम पुरुष सहाय्यकांनीच केलं. त्यातले पुष्कळ जण सभ्यपणे, विचारून, मान वळवून काम करणारे मी पाहिले. आणि न करणारेही पाहिले. सगळं युनिट खोळंबलेलं असताना, पहिलीच मालिका मिळालेली अठरा-एकोणीस वर्षांची पोर 'हात काढा' असं कशी म्हणणार?

२०१८ साली हिंदी चित्रसृष्टीतल्या बायका 'मी टू' म्हणत उघडपणे बोलल्या. त्यानंतर निर्माते जरा जपून वागू लागले. माझ्याकडेही फोन यायला लागले, 'ताई, तुमच्या टीममध्ये एखादी मुलगी आहे का? माइक लावायला मुलगी हवी.' मला त्याचा आनंद झाला. ज्या नटीला बाईच्याच हातून माइक लावून घ्यायचा असेल तिला तो हक्क हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण गेली काही वर्षं मी जे बघते आहे ते असं. मुलगी माइक लावायला येते आणि माइक लावायलाच राहते. तिच्याबरोबर लागलेला मुलगा दीड-दोन वर्षांत बूम धरायला लागतो, पुढं मिक्सरवर बसतो. ती मात्र अजून व्हॅनिटी व्हॅनच्या दाराशी हातात टेपची गुंडाळी घेऊन उभी. याला कुणाचा दुष्टपणाच लागतो असं नाही, कामाचा क्रमच तसा आहे. तालीम चालू असते तेव्हा बूमवाला सगळं ठरवत असतो. कोण कुठून कुठं जाणार, कॅमेऱ्याची भिंग किती रुंद बघते, सावली कुठं पडेल, कुणाच्या वाक्यानंतर दांडी कुणाकडे वळवायची. आमच्या धंद्याची खरी शाळा ती. आणि नेमक्या त्याच वेळी ती मुलगी मेकअपरूममध्ये कपडे बदललेल्या नटीला पुन्हा माइक लावत असते. तालीम तिला बघायलाच मिळत नाही. मग एखाद्या दिवशी बूमवाला आला नाही की म्हणतात, 'हिला जमणार नाही, हिनं कधी धरलेला नाही.' कधी धरू दिला होता?

वजनाचं कारण तर ठरलेलं. पूर्वी नाग्रा टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून फिरावं लागे, तो जड होता हे खरं. आजची गळ्यातली मिक्सरची बॅगही हलकी नसते. पण बूमची दांडी आता कार्बन फायबरची आहे, आणि ती ताकदीपेक्षा सवयीनं पेलते. हात कसे ताणायचे, भार दंडावरून पाठीवर कसा घ्यायचा हे शिकावं लागतं, पुरुषांनाही. डोक्यावर दोन हंडे आणि कडेवर कळशी घेऊन बायका मैलभर चालतात, त्या महाराष्ट्रात हे कारण कुणी गंभीरपणे सांगावं याचंच नवल वाटतं.

ही गोष्ट आपल्याला अनोळखी नाही. मुंबईच्या मेकअप कलावंतांच्या संघटनेत जवळजवळ साठ वर्षं नियम होता की मेकअप पुरुषांनीच करायचा आणि बायकांनी केशरचना. कारण काय, तर पुरुषांच्या पोटावर पाय यायला नको. चारू खुराना या प्रशिक्षित मेकअप कलावतीनं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयानं तो नियम रद्द केला. तो नियम कागदावर होता, म्हणून कोर्टात दाखवता आला. आमच्याकडे 'बायकांनी माइक लावावा, पुरुषांनी मिक्सर सांभाळावा' असं कुठं लिहिलेलं नाही. उलट जे चाललं आहे ते बायकांच्या भल्यासाठीच, असं सांगितलं जातं. म्हणून त्याच्याशी भांडणं जास्त अवघड.

चळवळीतल्या मैत्रिणी मला विचारतात, 'पण नट्या सुरक्षित झाल्या ना?' याचं उत्तर मी मिक्सरवर बसणारी बाई म्हणून देते. माइक लावला की तो चालू असतो. नटी शॉट संपवून खुर्चीत बसते, फोनवर घरच्यांशी बोलते, मैत्रिणीला पाळीच्या दुखण्याबद्दल सांगते, पैसे थकल्याबद्दल बोलते, स्वच्छतागृहात जाते. अंगावर माइक आहे याचा तिला विसर पडलेला असतो. हे सगळं मिक्सरवरच्या माणसाच्या कानात येतं, आणि हेडफोन काही एकाच्याच कानावर नसतात. शॉट संपताच त्या माइकचा आवाज खाली ओढणं हे दोन बोटांचं काम. काही जण ते कटाक्षानं करतात. काही जण करत नाहीत, आणि ऐकलेलं चहाच्या वेळी हसत सांगतात. माइक मुलीनं लावला म्हणून हे ऐकणं थांबत नाही. हात बाईचा आणि कान पुरुषांचे, एवढीच ती सुरक्षितता.

आणि त्या मुलीचं काय? ती नटांनाही माइक लावते. शर्टाची बटणं उघडून समोर उभा राहिलेला एखादा मोठा नट काय काय बोलतो ते ती हसण्यावारी नेते, कारण उद्या पुन्हा बोलावणं यायला हवं. 'तुला चालेल का?' असं तिला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की माइक कोण लावतं याइतकंच तो कसा लावला जातो हे महत्त्वाचं. हात लावण्याआधी कुठं आणि काय लावणार ते सांगावं. वायर आतून घ्यायची ती नटीनं स्वतःच घ्यावी, आपण टोक हातात द्यावं. ड्रेसवाल्यांनी ब्लाऊजला आतून छोटा खिसा आधीच शिवून ठेवावा, म्हणजे निम्मी चाचपड वाचते. नटीच्या पसंतीचं आणखी कुणी तरी माणूस जवळ असावं. शॉट संपला की आवाज बंद. हे सगळं पुरुष सहाय्यकांनाही शिकवता येतं आणि त्यांनी ते शिकलंच पाहिजे. नटीनं बाई मागितली तर बाईनं जावं. पण त्यासाठी एका मुलीला कायमची त्या कामाला जुंपू नये. आळीपाळीनं काम द्यावं आणि तालमीच्या वेळी तिला सेटवर ठेवावं. श्रेयनामावलीत तिचं नाव तिच्या खऱ्या कामासकट यावं.

यापुढची अडचण टिकून राहण्याची. बूमपर्यंत पोचायला वर्षं लागतात आणि तेवढी वर्षं काढायची कशी? शिफ्ट बारा तासांची, ती लांबते. मालिकांत पैसे ९० दिवसांनी मिळतात. बाहेरच्या चित्रीकरणात व्हॅनिटी व्हॅन कलाकारांसाठी, आम्ही झाडाचा आडोसा शोधायचा नाहीतर दिवसभर पाणी प्यायचं नाही. रात्री पॅकअप झालं की गोरेगावच्या चित्रनगरीतून किंवा मढहून घरी कसं जायचं ते आपलं आपण बघायचं. एका निर्मात्यानं मला रात्रीच्या कामासाठी नाकारलं. 'बाई असली की गाडीची सोय करावी लागते,' असं त्याच्या माणसानं सरळ सांगितलं. २०१७ मध्ये बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, पण त्यासाठी आदल्या वर्षभरात त्या मालकाकडे ८० दिवस काम केलेलं असावं लागतं. रोजंदारीवर आज इथं, उद्या तिथं काम करणाऱ्या बाईनं ते कसं दाखवायचं?

केरळात २०१७ साली चित्रपटसृष्टीतल्या बायका एकत्र आल्या. त्यांच्या रेट्यामुळे सरकारनं न्यायमूर्ती हेमा समिती नेमली. समितीनं २०१९ अखेर अहवाल दिला, तो काटछाट होऊन लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४ मध्ये. लैंगिक छळाबरोबरच सेटवर स्वच्छतागृह नसणं हाही त्यात गंभीर मुद्दा आहे. त्याआधी मार्च २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं चित्रपटाच्या प्रत्येक निर्मिती युनिटला अंतर्गत तक्रार समिती असली पाहिजे असं सांगितलं होतं. मुंबईत आम्ही खात्याखात्यांत विभागलेल्या. नटी, हेअरदीदी, साउंडवाली आणि सेट झाडणारी मावशी एकत्र बसून बोलल्या असं क्वचितच घडतं. ते घडवायला हवं, आणि तिथं स्त्री संघटनांची मदत लागेल.

आणखी एक गोष्ट आपल्या हातात आहे. आपल्या संघटना मोर्चांचं, परिषदांचं, जुन्या कार्यकर्त्यांच्या मुलाखतींचं चित्रीकरण करून घेतात. त्या वेळी दिग्दर्शिका बाई आहे ना, एवढंच आपण बघतो. यापुढं मिक्सरवर कोण आहे, बूम कुणाच्या हातात आहे, हेही विचारू या. सभेत हळू आवाजात बोलणाऱ्या बाईचा शब्द नीट टिपला जाणं आपल्याला महत्त्वाचं वाटत असेल, तर तो टिपण्याचं काम बायकांना शिकता येईल अशी जागा आपण तरी द्यायला हवी. माइक लावणाऱ्या मुलीला एक दिवस मिक्सरवर बसवून बघा. मोठ्या निर्मात्याकडे तो दिवस मिळायला तिला दहा वर्षं लागतील.

मैत्रिणींचा, विशेषतः सेटवर काम करणाऱ्यांचा अनुभव माझ्यापेक्षा वेगळा असू शकेल. त्यांनी तो जरूर लिहून पाठवावा.