वाट सोडायची, पण कोणती?

पोंभुर्ण्यासारख्या गावात ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली की तलावाकाठच्या जागेला भाव येतो. प्लॉट पडतात, घरे उभी राहतात. मग रहिवाशांचा अर्ज तयार होतो: काठाचा रस्ता नुसता नकाशात आहे, कोणी वापरत नाही, तिथे कचरा आणि साप तेवढे आहेत, नगरपंचायतीने तो सोडून द्यावा. अर्ज करणारे परके नसतात. त्यांतल्या पुष्कळांची धानाची बांधी अजून शिवारात असते. म्हणूनच शेतकरी चळवळीने या प्रश्नावर गप्प बसून चालणार नाही.

आमचे म्हणणे असे की नकाशावरच्या दोन रेघा सारख्या दिसल्या तरी एकच नसतात. त्या आधी वेगळ्या करा.

पहिली रेघ विकास आराखड्यातली. सातबारा शेतकऱ्याचा, कब्जा शेतकऱ्याचा, आणि वरून कोणीतरी रस्त्याचे आरक्षण टाकले. रस्ता झाला नाही, मोबदला मिळाला नाही, पण घर बांधायची परवानगीही नाही. हा अन्याय आहे. १९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम १२७ यासाठीच आहे. आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालकाने नोटीस द्यावी. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. अशी रेघ सोडा म्हणणाऱ्याच्या मागे आम्ही उभे आहोत.

दुसरी रेघ निस्ताराच्या वाटेची. ती कोणाच्या सातबाऱ्यातून कापलेली नाही. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतले आणि शेजारच्या भंडारा-गोंदियातले हजारो मालगुजारी तलाव गोंड राजांच्या काळापासून लोकांनी, विशेषतः कोहळी समाजाच्या जाणत्यांनी, बांधले. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आले. कागद बदलले, वाट तीच राहिली. तिच्यावरून पाणी सोडणारा तुडुमापर्यंत जातो, ढीवर बांधव जाळे घेऊन उतरतात, गुरे पाण्यावर येतात आणि पाळीला भगदाड पडले तर मातीची गाडी पोचते.

ही वाट वापरात नाही म्हणता? मग ती का मोडली तेही विचारा. नहर बुजली, पाळीवर झाडे माजली, पोटात बेशरम वाढली, गाळ काढायला कोणी फिरकले नाही. तलाव आजारी पडला म्हणून वाट ओस पडली. आणि आता वाट ओस आहे म्हणून ती विकून टाकायची! वाट गेली की तलाव बरा करायचा रस्ताच बंद झाला.

शेतीच्या हिशेबाने पाहा. २०१७ साली शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना काढली. तलावातला बारीक गाळ हलक्या, मुरमाड जमिनीत पडला की ओल जास्त दिवस टिकते, आणि तलावातही पाण्याला जागा होते. रोवणीनंतर पावसाने ओढ दिली की धानाला एका पाण्याचा आधार पीक वाचवतो. पण गाळ डोक्यावरून वाहता येत नाही. ट्रॅक्टर काठापर्यंत गेला पाहिजे.

वाट सोडणाऱ्याच्या हातात ती आहे का, हाही प्रश्नच आहे. तलाव जिल्हा परिषदेचा, जमीन महसूलची, वॉर्ड नगरपंचायतीचा, असे अनेक ठिकाणी असते. शासनाच्या मालकीच्या सार्वजनिक रस्त्यावरचा लोकांचा हक्क संपवायचा तर महसूल संहितेच्या कलम २१ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना ते जाहीर करून हरकती ऐकाव्या लागतात. नुसत्या ठरावाने तो संपत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली जगपाल सिंग खटल्यात गावतळ्यांवरची अतिक्रमणे नियमित करण्याविरुद्ध स्पष्ट निकाल दिला आहे.

चंद्रपूर शहर दूर नाही. तिथला कोहिनूर तलाव आज मैदान म्हणून ओळखला जातो. रामाळा तलाव प्रदूषणातून सोडवा म्हणून २०२१ साली बंडू धोतरे यांना उपोषणाला बसावे लागले. काठ हातचा गेल्यावर तलाव वाचवणे किती महाग पडते, ते शहराने दाखवून दिले आहे. आपण तीच फी पुन्हा भरायची गरज नाही.

रहिवाशांची तक्रार मात्र खरी आहे. कचरा, साप, रात्रीचा दारूचा अड्डा यांच्या शेजारी लेकरे वाढवायची कशी? त्याला उत्तर साफसफाईचे, दिव्याचे आणि हद्दीच्या दगडांचे आहे. ती मागणी त्यांनी आणि आपण मिळून करू.

तालुक्याच्या सभेला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी आणाव्यात. निस्तार पत्रकाची नक्कल. वाजिब-उल-अर्जाची नक्कल, कारण पाणी, वाट आणि मासेमारी यांच्या रूढी त्यात नोंदलेल्या असतात. आणि तलावाची मोजणी झाली असल्यास तिचा नकाशा. कागद हातात घेऊन एकेका रेघेचा निकाल करू. जी शेतकऱ्याची, ती त्याला परत. जी गावाची, ती गावाकडेच राहील.