अरण्यातील डोळा

नवेगाव बांधच्या तलावाकाठी उभे राहिले म्हणजे सरकारदरबारची आठवणही होऊ नये, इतके ते अरण्य गंभीर आहे. परंतु २०१३ साली येथे नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, आणि वाघांच्या गणतीसाठी झाडांना कॅमेरे बांधले जातात. वाघ मोजावेत, याविषयी आमचा वाद नाही. पण यंत्रास वाघ आणि वाटसरू यांतला भेद कळत नाही. समोरून जाईल त्याचे चित्र ते टिपते. मोह वेचावयास निघालेल्या आईचे, आणि तिचे बोट धरून चाललेल्या मुलीचेही.

‘ज्याने चोरी केली नाही, त्याला भय कसले?’ असे आमचे सुशिक्षित मित्र विचारतात. त्यांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आठवावा. १८७१ साली उत्तर हिंदुस्थानात आरंभलेला हा कायदा पुढे मुंबई इलाख्यातही आला. ज्यांनी कधी चोरी केली नव्हती, त्यांचीही नावे केवळ जन्मामुळे पोलिसांच्या पटावर चढली. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड मुले लहानाची मोठी झाली. कायदा १९५२ साली रद्द झाला. संशय मात्र उरला.

शिवाय पाळतीने चोरच तेवढा दबतो असे नाही. उत्तराखंडात कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील स्त्रियांविषयीचा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. श्वापदे दूर राहावीत म्हणून रानात मोठ्याने बोलणाऱ्या, गाणाऱ्या या बायका कॅमेऱ्यासमोर आवाज खाली आणू लागल्या. म्हणजे जे त्यांचे संरक्षण, तेच पाळतीने हिरावून घेतले!

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरविला. तो काय केवळ शहरातील बंद दारांआड राहणाऱ्यांसाठी आहे? २००६ च्या वनहक्क कायद्याने मोहफुले व तेंदूपाने गोळा करण्याचा हक्क ज्या वनवासीयांस दिला, ते रानात चोरपावलांनी नव्हे, मालकीहक्काने जातात.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. कॅमेरे कोठे आहेत, हे ग्रामसभेस सांगावे. माणसांची चित्रे ताबडतोब पुसून टाकावीत. ती वनखात्याबाहेर कोणासही देऊ नयेत.

वाघाला आपण पाहिले जातो याची जाणीव नसते, मुलीला असते. पाहणाऱ्याच्या धाकाने बोलणे गिळण्याची सवय तिला लहानपणीच लागली, तर मोठेपणी ग्रामसभेत उभी राहून ती काय बोलणार? राज्यघटनेने दिलेले भाषणस्वातंत्र्य अशा जिभेवर कोरडेच राहील.