पालकहो, मुलांसमोर गाडीचे बॉनेट उघडा!



बहरीनमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांना गाड्यांची नावे आरतीसारखी पाठ असतात. २००४ साली साखीरच्या सर्किटवर मध्यपूर्वेतील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली आणि हे वेड आपल्याही घरांत शिरले. कोणत्या गाडीचे हॉर्सपॉवर किती, हे चौथीतला मुलगाही सांगतो. पण इंजिनात ठिणगी कुठून येते असे विचारले, की सगळे गप्प! अठरा वर्षे पूर्ण झाली की हीच मुले लायसन्स काढणार. काहींचा डोळा तर आतापासूनच एखाद्या जुन्या व्ही-८ मस्टँगवर किंवा कॅमॅरोवर आहे.

आमचे मत स्पष्ट आहे. अशा ताकदीच्या गाडीची किल्ली हातात देण्याआधी मुलाकडून किंवा मुलीकडून तिच्या स्पार्क प्लगच्या जुन्या वायरी एकदा बदलून घ्याव्यात. आणि हे काम मराठीतून करावे.

हेच काम का? कारण ते लहान आहे, डोळ्यांना दिसते, आणि त्यात विज्ञानाचा अख्खा धडा आहे. बॅटरी देते अवघे १२ व्होल्ट. कॉइल त्याचे २० हजारांहून अधिक व्होल्ट करते. हा दाब प्लगपर्यंत पोचवते ती वायर. प्लगच्या टोकाशी साधारण एक मिलिमीटरची फट असते. ती ओलांडताना ठिणगी पडते आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटते. वायरीवरचे आवरण उष्णतेने कडक होऊन तडकले, की वीज फटीपर्यंत जाण्याऐवजी वाटेतच जवळच्या लोखंडात उडी मारते. गाडी 'मिसिंग मारू' लागते.

गंमत अशी, की उभ्या गाडीत हा दोष बहुधा कळत नाही. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की झटके सुरू होतात. कारण जोर लागतो तेव्हा सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाब वाढला की तीच फट ओलांडायला अधिक व्होल्ट लागतात. कमकुवत वायर तेवढे पेलत नाही. म्हणून साध्या गाडीत जी वायर आणखी वर्षभर रेटून नेता येते, ती ताकदीच्या गाडीत लवकर उघडी पडते. त्यात आपल्या येथला उन्हाळा, समुद्राची दमट हवा आणि एक्झॉस्टला खेटून गेलेल्या वायरी! दुर्लक्ष केले तर न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवते आणि बिघडवते. त्याचा खर्च वायरींच्या कितीतरी पट असतो.

आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले. आमच्या धंद्यातला पहिला नियम म्हणजे आधी मोजा, मग बदला, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. अंदाजाने प्लग, कॉइल, वायरी असे सगळेच बदलले, तर गाडी सुधारेलही, पण दोष कशात होता ते कधीच कळणार नाही. हा नियम मुलांना संगणकापेक्षा बॉनेटखाली लवकर पटतो.

आता काम. इंजिन पूर्ण थंड हवे. येथे उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला कायद्यानेच बंदी असते, तेव्हा हिवाळ्यातली सकाळ बरी. मोठे माणूस शेजारी हवेच, आणि इंजिन चालू असताना वायरीला हात लावायचा नाही. जुनी वायर काढताना वायर ओढू नये. रबरी टोपी धरून थोडा पीळ द्यावा आणि मग खेचावी. काढलेल्या वायरीचा रोध मल्टीमीटरने मोजावा. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून या वायरीत मुद्दामच काही हजार ओहमचा रोध ठेवलेला असतो. एकाच लांबीच्या दोन वायरींत मोठा फरक दिसला तर शंका घ्यावी. मीटरने अनंत दाखवले तर वायर आतून तुटलीच. पण मीटर चांगले सांगतो म्हणून डोळे मिटू नयेत. आवरणाची चीर मीटरला दिसत नाही.

एक वायर काढावी, तिच्याच लांबीची नवी तिथे बसवावी, मगच दुसरीला हात लावावा. डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या इंजिनात हे फार महत्त्वाचे. शेव्हरोलेच्या जुन्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ मध्ये ठिणगीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. आठही वायरी एकदम काढून ठेवल्या तर तो क्रम जुळवताना चांगल्याचांगल्यांची भंबेरी उडते. टोपीत किंचित सिलिकॉनचे वंगण लावावे, खट्ट आवाज येईपर्यंत दाबावी, आणि वायर एक्झॉस्टपासून दूर, तिच्या क्लिपमध्येच अडकवावी. बदलायच्या तर सगळ्या वायरी बदलाव्यात. एक झिजली म्हणजे बाकीच्याही त्याच वयाच्या असतात.

आता मराठीचे. आपल्या वर्गात मुले कविता म्हणतात, शिवाजी महाराजांवर भाषणे करतात. आनंद आहे. पण 'आवळ', 'सैल कर', 'पाना दे', 'आटे जपून' ही मराठी त्यांच्या कानावर कधी पडते? 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' ही म्हण परीक्षेपुरती पाठ होते. सुंभ कोणी पाहिलेला नाही, पण टोपीला पीळ दिला की शब्द हाताला कळतो. प्लगचे आटे बोटाने चाचपले की 'डोक्याचे आटे ढिले' म्हणजे काय हे समजवावे लागत नाही. हातातल्या कामाची भाषा सहसा विसरली जात नाही. सणावारापुरती ठेवलेली भाषा मात्र सणासारखीच वर्षातून एकदा येते आणि जाते.

काही पालक म्हणतील, सलमाबादला इतकी गॅरेजे आहेत, मग हात काळे कशाला करायचे? शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत प्लगवरच कॉइल असते, वायरीच नसतात! दोन्ही गोष्टी खऱ्या. अवघड काम मेकॅनिककडेच जावे, त्याचा मोबदलाही पुरेपूर द्यावा. पण येथे आपल्या मुलांना हाताचे प्रत्येक काम दुसरेच कोणी करताना दिसते. त्यातून ते काम हलके आणि करणाराही हलका, अशी समजूत नकळत होते. आमची खरी काळजी ही आहे. ज्या मुलाने वाकून, घाम गाळून आठ वायरी बसवल्या, तो मेकॅनिकला 'ए' म्हणून हाक मारणार नाही. आणि इंजिन कशाने पळते हे ज्याला कळले, तो ते उगाच रेटणारही नाही, अशी आमची आशा आहे.

घरच्या गाडीला वायरी नसतील तर एअर फिल्टर बदलावा, बॅटरीची टोके घासावीत. निमित्त कोणतेही चालेल.

म्हणून एक सूचना. येत्या हिवाळ्यात वर्गाने एक सकाळ यासाठी द्यावी. ज्यांची जुनी गाडी असेल त्यांनी ती आणावी. मुलांनी हत्यारांची आणि भागांची मराठी नावे आजी-आजोबांना फोन करून विचारावीत आणि पुढच्या अंकासाठी लिहून द्यावीत. मल्टीमीटर आणि मोजायला दोन-चार जुन्या वायरी आम्ही घेऊन येऊ.